जे समोर येते आणि जे शोधावे लागते

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला आहे तो असा: इंटरनेटवरची उपयोगी साधने आणि चांगले मनोरंजन. विषय ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांचे म्हणणे असे की, पोरांच्या हातातून मोबाइल सुटत नाही, आणि आता संस्थाच त्यांना मोबाइल शिकवायला निघाली! विद्यार्थ्यांची तक्रार उलटी आहे. त्यांच्या मते मोबाइल हातात दिसला की घरातल्यांना अभ्याससुद्धा खेळच वाटतो. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. म्हणून मोबाइल चांगला की वाईट हा वाद मी घालणार नाही. तो आता घरात आलेला आहे, आपल्या वाड्यांतसुद्धा आलेला आहे. त्यातून आपण काय घेतो, एवढाच प्रश्न उरतो.

मला सांगायची गोष्ट एकच आहे. मोबाइलवर दोन प्रकारचा माल असतो. एक आपोआप समोर येतो, दुसरा शोधून काढावा लागतो. आपोआप येणाऱ्या गोष्टी कोणीतरी आपल्यासाठी निवडलेल्या असतात, आणि निवडणाऱ्याचा त्यात फायदा असतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपला आपण सुरू होतो. हा काही योगायोग नव्हे. आपण जितकी मिनिटे पडद्यासमोर बसू तितक्या जाहिराती दाखवता येतात, आणि कंपनीची कमाई जाहिरातींवर आहे. याउलट जे खरोखर मोलाचे आहे ते बहुतेक वेळा जाहिरात न करता एका कोपऱ्यात पडलेले असते. त्याचे नाव माहीत असावे लागते. ती काही नावे आज मी तुम्हाला देणार आहे. वही असेल तर लिहून घ्या.

सुरुवात आपल्या जिव्हाळ्याच्या विषयापासून करतो. बाबासाहेबांच्या नावावर रोज किती वाक्ये आपल्या मोबाइलवर येऊन पडतात! सुंदर छायाचित्र, खाली दोन ओळी, आणि 'पुढे पाठवा' अशी विनंती. त्यांतली काही खरी असतात, काही अर्धवट तोडलेली असतात, आणि काही बाबासाहेबांनी कधी उच्चारलेलीच नसतात. आपण जयभीम म्हणून पुढे पाठवतो. मित्रहो, ज्या माणसाने आयुष्यभर पुरावा दिल्याशिवाय एक विधान केले नाही, त्याच्या नावावर आपण बिनपुराव्याची वाक्ये फिरवावीत काय?

पडताळून पाहण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, प्रथम वसंत मून यांच्या संपादनाखाली, बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले. पूर्वी हे खंड मिळवायचे तर मुंबई-पुण्याला खेपा घालाव्या लागत, नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा दादरच्या चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे रांग लावावी लागे. आज भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यांतले इंग्रजी खंड पीडीएफ स्वरूपात आहेत. कोणीही उतरवून घ्यावेत. मराठी भाषणांसाठी अठरावा खंड आहे.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने यातला दुसरा खंड आधी उघडावा. मुंबई कायदेमंडळातली भाषणे त्यात आहेत. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी खोतांच्या राज्यात काय भोगले ते घरोघरी सांगितले जाते. ती खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडले होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईला गेले. खोती संपवणारा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. हा इतिहास आपल्या अंगणातला आहे, आणि तो सांगणारा कागद आता आपल्या खिशात मावतो.

संविधान सभेतल्या चर्चांचेही तसेच. 'कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट' या संकेतस्थळावर त्या चर्चा तारखेनुसार वाचता येतात आणि त्यांत शब्द टाकून शोधता येतो. २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण आपण तुकड्यातुकड्यांनी ऐकलेले असते. ते एकदा पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचा. इंग्रजी अडेल. अडू द्या. एक परिच्छेद रोज, शब्दकोश जवळ ठेवून. महिनाभरात भाषणही समजेल आणि इंग्रजीही सुधारेल. ज्यांना पाली वाचायची इच्छा आहे त्यांच्यासाठी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक देवनागरी लिपीत 'तिपिटक डॉट ऑर्ग' वर ठेवले आहे, तेही विनामूल्य.

आणि वाचण्याबरोबर ऐकाही. १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित आहे आणि ती यूट्यूबवर ऐकता येते. आपल्या वाडीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन आयुष्य काढले, पण त्यांचा आवाज कधी ऐकला नाही. आज घरी गेल्यावर आजीच्या कानाशी मोबाइल धरा आणि तो आवाज ऐकवा. भाषा कळली नाही तरी चालेल. अर्थ तुम्ही मराठीत सांगा.

आता मराठीतल्या साधनांकडे येऊ. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, एकूण वीस खंड झाले. एवढे खंड विकत घेणे आणि घरात ठेवणे कोणाला परवडणार? आता तो विश्वकोश संगणकावर आणि मोबाइलवर मोफत वाचता येतो. निबंध लिहिताना, वक्तृत्व स्पर्धेची तयारी करताना आधी तिथे जा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पहिल्यांदा १८३१ साली आणि सुधारून १८५७ साली निघाला. तो शिकागो विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर ठेवला आहे. आजीच्या तोंडचा जुना शब्द शाळेच्या कोशात सापडत नसेल तर तिथे शोधून पाहा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याची खरी गंमत अशी की तिथे आपण वाचकही असतो आणि लेखकही. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. जगभरचे लोक आता त्यांची माहिती शोधणार. आपल्या गावाबद्दल, शाळेबद्दल, सड्यावरच्या त्या चित्रांबद्दल आपण लिहिले नाही तर दुसरा कोणीतरी ऐकीव माहितीवर लिहील. विद्यार्थ्यांनी आधाराला पुस्तक घेऊन तिथे चार वाक्ये जरूर घालावीत. आपण इतिहासात नाही अशी खंत आपण नेहमी व्यक्त करतो. इथे लेखणी आपल्या हातात दिलेली आहे.

त्याच कुटुंबातले दुसरे ठिकाण म्हणजे मराठी विकिस्रोत. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी, ज्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचा, १९५० साली गेले. त्यामुळे २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांचे झाले, आणि 'श्यामची आई' आता विकिस्रोतावर वाचता येते. मालगुंडच्या केशवसुतांच्या कविताही अशाच मुक्त आहेत. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. फुकट म्हणजे चोरीचे, असा समज काढून टाका. हे सर्व कायद्याने आपले आहे.

शाळा-कॉलेजच्या अभ्यासासाठी चार नावे सांगतो. बालभारतीची पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मिळतात. पुस्तक यायला उशीर झाला म्हणून अभ्यास थांबवू नका. विज्ञानासाठी 'फेट' नावाची प्रयोगशाळा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली ती सुरू केली. विजेचे मंडल, लंबक, आम्ल आणि अल्कली असे प्रयोग पडद्यावर बोटाने करता येतात, आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत. शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असले तरी ही प्रयोगशाळा उघडी असते. संगणक शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यांतले बरेच मराठी आवाजात. एकीकडे धडा लावायचा, दुसरीकडे तसेच करून बघायचे. भरमसाट फी भरून क्लास लावण्यापूर्वी हे धडे पाहा. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचे 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम तिथे फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, हे सगळे ठीक आहे, पण आमच्या वाडीत रेंज कुठे आहे? फोन लावायचा तर सड्यावर जावे लागते! त्यावरही उपाय आहे. 'किविक्स' नावाचे मोफत ॲप आहे. शहरात किंवा कॉलेजात चांगली रेंज असताना त्यातून संपूर्ण मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेता येतो. नंतर तो इंटरनेटशिवाय घरात, होडीत, एसटीत, कुठेही वाचता येतो. पाठ्यपुस्तके, बाबासाहेबांचे खंड, फेटचे प्रयोग हेही आधी उतरवून ठेवता येतात. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवता येतात. म्हणजे वाडीतल्या एका मुलाने तालुक्याला जाऊन हे आणले तर दहा घरांना पुरते. पूर्वी एक वर्तमानपत्र यायचे आणि सबंध वाडीत वाचले जायचे, तसेच हे.

आता जरा कठीण विषयाकडे वळतो, कारण त्यात मुलांचे वर्ष पणाला लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या राज्यात 'महाडीबीटी' या पोर्टलवरून मिळते. अर्ज विद्यार्थी भरतो, कॉलेज तपासते, मग समाजकल्याण कार्यालय मंजूर करते आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात. पण होते काय? मुलगा किंवा मुलगी बाजारात एखाद्या दुकानात जाते. दुकानदार अर्ज भरतो, पासवर्ड तोच ठरवतो, कधी मोबाइल नंबरही त्याचाच टाकतो. पुढे कॉलेजने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तर त्याचा निरोप दुकानदाराच्या मोबाइलवर जातो. विद्यार्थ्याला पत्ताच नसतो. मुदत निघून जाते, आणि कॉलेज फीसाठी तगादा लावते. यात दुकानदाराचा हेतू वाईट असतो असे नाही. त्याच्याकडे दिवसाला पन्नास अर्ज येतात. परंतु नुकसान आपले होते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तीन गोष्टी पाळा. मोबाइल नंबर आपला किंवा आईवडिलांचा द्या. पासवर्ड स्वतः ठरवा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. अर्ज केल्यानंतर दर आठवड्याला स्वतः पोर्टल उघडून अर्ज कुठवर गेला ते पाहा. अर्ज भरायला मदत घ्या, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नका. त्याच्या जोडीला 'डिजिलॉकर' उघडा. केंद्र सरकारने ही सोय २०१५ साली सुरू केली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात, आणि तिथून मिळालेला दाखला कायद्याने मूळ दाखल्यासारखा मानला जातो. कोकणातल्या पावसात, कौलारू घरात, ट्रंकेतली कागदपत्रे भिजण्याची भीती असते. हा कपाट भिजत नाही.

घरच्या कष्टकऱ्यांसाठीही दोन साधने आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर इशारा देते. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात शेतावर असणाऱ्याने ते मोबाइलमध्ये ठेवावेच. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांचा अंदाज देते आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे तेही कळवते. ज्यांना दिसत नाही अशा आपल्या बांधवांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' आहे आणि 'एनव्हीडीए' हे संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत साधन आहे. ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केले. स्वतःची अडचण सोडवताना त्यांनी जगाची सोडवली.

माणसाला विरंगुळाही हवा. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाने गाणे ऐकू नये असे कोण म्हणेल? पण तिथेही शोधून घ्या. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची गाणी यूट्यूबवर त्यांचे नाव टाकून शोधा, आणि कोणाच्या शब्दांना कोणाचा आवाज आहे ते नीट वाचा. आपल्याकडचे नमन-खेळे, जाखडी यांचे गावोगावचे प्रयोग लोकांनी मोबाइलवर टिपून ठेवले आहेत. मुंबईला राहणारा चाकरमानी ते रात्री पाहतो आणि गावी आल्यासारखे वाटते. आकाशवाणीचे 'न्यूज ऑन एआयआर' हे ॲप आहे. त्यावर देशभरातील केंद्रे ऐकता येतात. भारतीय चित्रपटांचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणून दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा शिल्लक राहिलेला भागसुद्धा आज कोणीही पाहू शकतो.

आकाश पाहायची आवड असेल तर 'स्टेलॅरियम' घ्या. त्यात रत्नागिरी हे ठिकाण आणि आजची रात्र टाकली की आपल्या डोक्यावरचे ग्रह-तारे नावांसह दिसतात. सड्यावरचा काळोख शहरातल्या मुलाच्या नशिबात नाही. तो आपल्याकडे आहे. पडद्यावर नाव पाहा, मग मोबाइल खिशात घाला आणि वर बघा.

खेळायचे असेल तर 'लिचेस' वर बुद्धिबळ खेळा. एका फ्रेंच तरुणाने ते २०१० साली सुरू केले. जाहिरात नाही, वर्गणी नाही. डाव संपल्यावर आपली चाल कुठे चुकली तेही ते दाखवते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा किती मुलींनी पट बाहेर काढला असेल! याच मोबाइलवर पैसे लावून खेळायचे रमी आणि इतर खेळही होते. त्यांनी किती घरांत भांडणे लावली, किती जणांचा पगार खाल्ला, हे इथे बसलेल्या आयाबहिणी जाणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही वेगळ्या नावाने आमिष आलेच तर ओळखा: जिथे जिंकण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात, तो खेळ नव्हे, जुगार होय. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

नव्या युगाचे एक साधन राहिले. २०२२ च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' आले आणि त्यामागून तशीच अनेक. प्रश्न विचारला की मराठीतसुद्धा उत्तर मिळते. कठीण इंग्रजी परिच्छेद सोप्या मराठीत समजून घ्यायला, मुलाखतीचा सराव करायला ते चांगले आहे. ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत त्याला रात्री अकरा वाजता शंका विचारायला कोणीतरी मिळते. पण ते चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. अर्जाची शेवटची तारीख, कायद्याचे कलम, बाबासाहेबांचे वाक्य या गोष्टी मूळ ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय मानू नका. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपल्याला नवीन नाही. फक्त मोबाइलच्या बाबतीत आपण ते विसरतो.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. विहारात किंवा समाजमंदिरात एक संगणक आणि एक टेबल ठेवावे. आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तिथे बसावे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, पुस्तके उतरवणे या कामी इतरांना मदत करावी. अर्ज भरून देऊ नये. शेजारी बसावे आणि ज्याचा त्याला भरू द्यावा. संगणक जुना असला तरी चालेल. शेजारी बसणारा माणूस मात्र हवा, कारण पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला साधनाइतकीच सोबतीची गरज असते.

विद्यार्थी मित्रांनो, एके काळी पुस्तक आपल्यापर्यंत येऊ नये अशी व्यवस्था होती. आज पुस्तक दारात आहे आणि तरी आपण ते उघडत नसू, तर दोष कोणाला द्यायचा? आज रात्री एकच करा. सांगितलेल्या नावांपैकी एक निवडा, उघडा, आणि सकाळी घरातल्या एका माणसाला दाखवा. बाकीची नावे वहीत आहेतच.



जयभीम! नमो बुद्धाय!